दोनशे एकवीस

४ ऑगस्ट, रविवार

प्रिय धाकट्या,

तुझा फोन वसतिगृहाच्या कपाटात गेला आणि सहामाही परीक्षा होईपर्यंत तो काही मिळणार नाही, हे आईकडून कळलं. म्हणून पत्र. ताईचं अक्षर वाचायला कंटाळा आला तरी वाच. इतरांच्या तक्रारी दिवसभर वाचून मी कंटाळत नाही का?

घरी सगळं आहे तसंच आहे. आईच्या अंगठ्याला पुन्हा काच लागली. कामावर बरण्या भरताना एक हातात फुटली म्हणाली, पण मला वाटतं घाईत दोन-दोन उचलत असणार. बाबांची शीतगृहातली रखवाली चालू आहे. ऐन उकाड्यात स्वेटर हातात घेऊन कामाला निघणारा माणूस आपल्या गल्लीत ते एकटेच. येईल त्याला सांगतात, पोरगा तंत्रशाळेत लागला, यंत्रं दुरुस्त करणार. परवा पाण्याचं मीटर वाचायला आलेल्या माणसालाही सांगितलं. तो म्हणाला, "मग हे मीटर त्यालाच दाखवा, उलटं फिरतंय." बाबांना त्यातही कौतुकच वाटलं.

माझं म्हणशील तर अजून हरकतींच्या टेबलावरच आहे. तुमच्या प्रवेशपरीक्षेच्या उत्तरसूचीवर ज्यांची हरकत असते ते येतात, भांडतात. मी नियम वाचून दाखवते, मग ते जातात. संध्याकाळी घरी आल्यावर आई काही विचारते तर तिलाही मी "नियमानुसार" म्हणून उत्तर देते. ती हसते. मला हसू येत नाही, थकायला होतं.

तुम्हाला ज्या यादीवर प्रवेश दिला ती तात्पुरती आहे, अंतिम यादी लागायची आहे. तुमच्या शाखेत तुझं नाव शेवटचं आहे हे तुला माहीत आहे. घाबरवायला म्हणून लिहीत नाही. तू अभ्यासाला लाग.

एक सहज विचारते. गणिताच्या पेपरात एक प्रश्न होता. पुढीलपैकी कोणत्या संख्येला एक आणि ती संख्या यांशिवाय दुसरा विभाजक नाही? पर्याय होते २१७, २१९, २२१, २२३. तू काय लिहिलंस? आठवत असेल तर कळव. उत्तरपत्रिका दुसऱ्या खोलीत कुलूपबंद असतात, मला दिसत नाहीत. नसेल आठवत तर राहू दे. नाही, राहू देऊ नकोस, आठवून बघ.

रात्री पाय उघडे टाकून झोपू नकोस.

तुझी,
ताई


१३ ऑगस्ट, मंगळवार

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र काल आलं. आईला वाचून दाखवलं. वसतिगृहाच्या भाताला तू "भिंतीला लावायचा चुना" म्हणतोस ते तिला फार आवडलं, दोनदा वाचायला लावलं. तुम्हाला लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करायला दिला आणि तुझा सगळ्यात आधी झाला, हे बाबांनी तीनदा ऐकलं. शेवटचा परिच्छेद मी वाचला नाही. थोडं अभ्यासाचं आहे म्हणाले.

तू लिहिलंस ते इथे उतरवते, म्हणजे माझा वाचण्यात काही घोटाळा झाला असेल तर तू सांगशील. "२२१ लिहिलं, ताई! दोन, तीन, पाच, सात, अकरा, सगळ्यांनी भागून बघितलं, कशानेच भाग जाईना. बारापर्यंत झालं म्हणजे झालं. आईच्या खोक्याबाहेर काही नसतं. मग २२३ बघायची गरजच काय?"

आईने आपल्याला पाढे शिकवले ते बरण्यांच्या खोक्यांवर. अक्षर येत नसताना नुसत्या खोक्यांवर शिकवले. एका ओळीत जास्तीत जास्त बारा बरण्या बसायच्या म्हणून आपले पाढेही बारापाशी संपायचे आणि आपण खेळायला सुटायचो. तेराचा पाढा मला शाळेत पहिल्यांदा कळला, तोही उभं राहून. तुझ्या वर्गात कोणी उभं केलं नसेल.

धाकट्या, तेरा दाहे एकशे तीस आणि तेर सत्ते एक्क्याण्णव. दोन्ही मिळवून बघ.

पंधरा पंधरे दोनशे पंचवीस होतात, म्हणजे २२१ ला भाग जायचाच असेल तर पंधराच्या आतल्या कशाने तरी जायला हवा. अकराच्या पुढे फक्त तेरा उरत होता. तू एक पायरी आधी थांबलास. आणि गंमत अशी की उत्तरसूचीतही २२१ च छापलं आहे. सूची करणारे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्याही आईने बरण्या भरल्या असाव्यात.

बरोबर उत्तर २२३ आहे. मी तेरापर्यंत भागून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

हे मला कसं कळलं ते सांगते. हरकतींची मुदत संपून गेल्यावर एक मुलगी आली. वेल्डरची मुलगी आहे, प्रतीक्षायादीत पहिली. बरोबर तिची मावशी. बोलत होती ती मावशी.

"बाई, एक तर हिचं डोकं फिरलंय नाहीतर तुमच्या सूचीचं. कोणाचं ते तेवढं सांगा, आम्ही जातो."

मी भागाकार पाहिला. मग अर्ज पाहिला. अर्जावर परीक्षाकेंद्राचा शिक्का नव्हता आणि मुदतही संपली होती. म्हटलं, अर्ज बाद आहे.

मावशी म्हणाली, "म्हणजे शिक्का नसला की भाग जात नाही का?"

रांगेतली माणसं हसली. मुलगी हसली नाही. तिने कागदाची घडी घातली आणि ओढणीला पुसली, कागदाला काही लागलेलं नसताना.

मी हेडक्लार्ककडे गेले. त्यांना सगळे बघूसाहेब म्हणतात, कारण ते दुसरं काही म्हणत नाहीत.

"सर, सूची चुकली आहे."

"बघू."

"सर, बघून झालंय. तेराने भाग जातो."

"तुम्हाला कोणी सांगितलं तेराने भागायला? प्राध्यापकांना भाग गेला नाही, तुम्हाला बरा गेला!" मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "हे बघा. अर्ज बाद, म्हणजे हरकत नाही. हरकत नाही म्हणजे चूक नाही. कर्मचाऱ्याने स्वतः सही करून टिपण दिलं तर मात्र मला ते वर पाठवावंच लागतं. म्हणून सांगतो, देऊ नका. तुमचा भाऊ आहे ना यादीत? शेवटचा?"

मी हो म्हटलं.

"मग तर मुळीच देऊ नका."

टिपणाचं काय ते चाललं आहे. सूची बदलली तर ज्यांनी २२१ लिहिलं त्यांचा एक गुण जाईल आणि २२३ लिहिणाऱ्यांना एक मिळेल. तुझा एक गेला तर तू यादीच्या खाली जातोस. हे तुला माझ्याकडून कळावं, कार्यालयाकडून नको, म्हणून लिहिते.

आईबाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडते आणि भलतंच काही विचारते, मीठ कुठे आहे वगैरे.

ताई


२९ ऑगस्ट, गुरुवार

धाकट्या,

तू पर्यवेक्षकांच्या फोनवरून घरी फोन केलास. मी समोर बसले होते. आईने फोन माझ्याकडे केला तर तू ठेवून दिलास. "तिला म्हणावं, पत्र पाठवू नकोस," एवढं आईला सांगितलंस. आईने मला तसंच सांगितलं, एक शब्द कमी केला नाही की जास्त नाही. तिचा निरोप नेहमीच चोख असतो.

तरी लिहिते. तुला न वाचता फाडायचं असेल तर फाड. पण एक गोष्ट मी लपवली आहे आणि ती लपवून मला झोप लागत नाही.

"टिपणाचं काय ते चाललं आहे" असं मी मागच्या पत्रात लिहिलं. वाक्य खोटं नाही, चाललंच होतं, पण मी ते तुला चकवायला लिहिलं. तुला वाटलं असेल, ताई अजून विचार करते आहे, ताईला थांबवता येईल. म्हणूनच तू परतीच्या टपालाने ती चिठ्ठी पाठवलीस. "नको ना देऊस." एवढीच. खाली सही नाही, पत्ता नाही. मी ती आईला दाखवली नाही.

टिपण मी त्याआधीच दिलं होतं. दोन ऑगस्टला, शुक्रवारी, ती मुलगी येऊन गेली त्याच दिवशी. तुला पहिलं पत्र लिहिलं तो त्यानंतरचा रविवार. "सहज विचारते" लिहिताना टिपण बघूसाहेबांच्या टेबलावर पडलं होतं, वर सही करणारीचा भाऊ परीक्षार्थी आहे हेही मीच लिहून दिलं होतं.

मी आधी दिलं आणि मग तुला विचारलं. मुद्दाम. आधी विचारलं असतं आणि तू २२१ म्हणाला असतास, तर माझा हात उठला नसता. हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत आहे. मी काही फार धीराची नाही. आणि तू २२३ म्हणाला असतास तर मी पळत जाऊन टिपण दिलं असतं. मग जन्मभर मला कळलं नसतं की मी ते त्या मुलीसाठी दिलं की तुझ्यासाठी. म्हणून न विचारता दिलं. आणि मग रोज टपालाची वाट बघत बसले, तू २२३ लिहिलेलं असावं म्हणून. कार्यालयातल्या टायपिस्टबाई म्हणाल्या, "कोणाचं पत्र येणारेय गं एवढं?" मी भावाचं म्हटलं तर त्यांना खरं वाटलं नाही.

आता घरी सांगितलं आहे. बाबांनी आधी स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला, परत काढला, परत घडी केला. मग म्हणाले, "तेराने भागायचं होतं तर आधीच भागायचं. पोरगं तिकडे पोचून रुळल्यावर आठवलं का तुमच्या ऑफिसला तेरा?"

आईने विचारलं, "तुला कोणी विचारलं होतं का?"

म्हटलं, नाही.

"मग?"

तिला एवढंच विचारायचं होतं. मी तिला भागाकार समजावायला लागले तर ती उठून आत गेली. तिचं बरोबर होतं. तिने भागाकार विचारलाच नव्हता.

अजून निर्णय झालेला नाही. प्राध्यापकांनी दोन ओळी लिहून कळवलं म्हणे, "चूक मान्य." त्यांना किती सोपं गेलं.

ताई


१५ सप्टेंबर, रविवार

धाकट्या,

यादी लागली. तुला तिथे फलकावर दिसलीच असेल. मला कार्यालयात शुक्रवारी दिसली, छपाईला जाण्याआधी. बघूसाहेबांनी बोलावून दाखवली. "बघा," म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले, म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये.

तुझ्या नावाच्या जागी वेल्डरच्या मुलीचं नाव आहे. तू प्रतीक्षायादीत पहिला आहेस. पण जागा सगळ्या भरल्या आहेत, कोणी सोडली तरच. त्याची आशा धरू नकोस. खोटी आशा मला दाखवता येत नाही, दाखवायला हवी होती कदाचित.

कामाचं लिहिते. जाताना वसतिगृहाची गादी परत केल्याची सही घे, नाहीतर दाखला अडकवतात. आणि फोन मागून घे, घाईत विसरशील. तुझा तो चौकोनी घासलेला तुकडा देत असतील तर आण. बाबांना बघायचा आहे, पण ते तुला सांगणार नाहीत.

बसस्थानकावर आई येईल. मी येते म्हटलं तर म्हणाली, "तू नको." रागाने नाही म्हणाली. तिला माहीत आहे, मी असले तर तू बसमधून उतरणार नाहीस.

मला हरकतींच्या टेबलावरून काढून बाहेरच्या खिडकीवर बसवलं आहे, अर्ज द्यायला आणि घ्यायला. शिक्षा नाही म्हणाले, बदली आहे. खिडकीला काच आहे आणि काचेला बोलायला भोक आहे, पण ते बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर नाही, कपाळासमोर आहे. दिवसभर मान वर करून बोलावं लागतं.

काल ती मुलगी आणि मावशी आल्या. प्रवेशाचं पत्र घ्यायला. मावशी म्हणाली, "बाई, शेवटी गेला हो भाग!" मी पत्र दिलं आणि सही घेतली. कोणाच्या जागी जाते ते तिला माहीत नाही. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. चांगली मुलगी वाटते. हे लिहू नये असं वाटलं होतं, पण वाईट असती तर तुला सोपं गेलं असतं असंही नाही.

ताई


९ ऑक्टोबर, बुधवार
घरातूनच

धाकट्या,

आपल्या दोन खाटांच्या मध्ये नुसता पडदा आहे आणि मी पत्र लिहिते आहे. पलीकडे तू कूस बदललीस ते मला इथे कळतं. पण तोंडाने बोललं की तू उठून बाहेर जातोस. घरी आल्यापासून आईशी बोलतोस, बाबांशी बोलतोस, शेजारच्या मांजराशीही बोलतोस. गॅरेजात लागलास तेही मला मांजराला सांगताना कळलं. बाबांनी मेकॅनिकला विचारलं, पोरगा कसा आहे? तो म्हणाला, "हात चांगला आहे, तोंड बंद आहे. मला असाच पाहिजे." बाबांनी हे जेवताना सांगितलं तेव्हा तू खाली बघून थोडा हसलास. मी पाहिलं.

आज दुपारी तू खिडकीवर आलास. तू तिथे होतासच, तरी लिहिते, कारण तुझ्या बाजूने ते कसं होतं हे मला माहीत नाही. माझ्या बाजूने असं होतं.

आधी मला शर्ट दिसला. निळा, खिशावर ग्रीसचा डाग. तुझा म्हणून ओळखला आणि वाटलं, घरी काहीतरी झालं. बाबांना काही झालं. पण तू रांगेत होतास, पुढे माणसं होती, आणि तू रांग मोडली नाहीस. मग कळलं, घरचं काही नाही.

"मॅडम," तू म्हणालास, "पुढच्या वर्षीच्या परीक्षेचा अर्ज."

अर्ज खिडकीतच विचारून भरून घ्यायचा असतो. बाजूला टायपिस्टबाई बसल्या होत्या, मागे लोक होते. मी विचारायला लागले. नाव विचारलं. तू पूर्ण नाव सांगितलंस, बाबांच्या नावासकट, हळू आणि स्पष्ट, जणू मी लिहिताना चुकेन. वडिलांचा धंदा? "रखवालदार." आईचा? "बरण्या भरते." मी तेच लिहिलं. टायपिस्टबाईंनी मान वळवून तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परत टाइप करायला लागल्या. बोटं कोऱ्या कागदावरून चालत होती, मला दिसत होतं.

मग तो रकाना आला. कुटुंबातील कोणी या कार्यालयात नोकरीस आहे काय?

मला तो विचारावासा वाटेना. पण विचारला, कारण सगळ्यांना विचारते. तू काचेच्या भोकाकडे बघत राहिलास. मागचा माणूस म्हणाला, "अहो, झोप लागली का?"

"आहे," तू म्हणालास.

"नातं?"

"बहीण." आणि मग मी विचारलं नसताना, रकान्यात जागाही नसताना, "मोठी."

मी ते लिहिलं. रकान्याच्या बाहेर गेलं, पण लिहिलं.

सही करून तू अर्ज सरकवलास. तरी हलला नाहीस. म्हणालास, "उत्तरसूची कोण तपासतं?"

"अजून ठरलेलं नाही."

"तुम्ही असाल तर बरं."

आणि गेलास. टोमणा होता की खरंच म्हणालास, ते मला कळलं नाही. दुपारभर दोन्ही अर्थ लावून बघितले. कधी एक खरा वाटतो, कधी दुसरा. पुढच्या माणसाला मी उरलेले सुट्टे पैसे दोनदा दिले, त्याने प्रामाणिकपणे परत केले.

तू कुठल्या अर्थाने म्हणालास ते विचारत नाही. पण मला तुला एक सांगायला हवं, आणि हे मी या वेळी लगेच सांगते, मागून नाही. त्या रकान्यात "आहे" लिहिल्यामुळे पुढच्या परीक्षेच्या वेळी मला सूचीच्या खोलीत पाऊल ठेवता येणार नाही. नियम आहे, माझ्या टिपणानंतर नवा केलेला. मला खरं म्हणजे परत त्या टेबलावर बोलावणार होते, बघूसाहेबांनी सोमवारी तसं सांगितलं होतं. आज मी जाऊन सांगितलं, माझा भाऊ बसतो आहे, मला बोलावू नका. ते म्हणाले, "पुन्हा तुमचा भाऊ?" मी म्हटलं, "एकच आहे." त्यांनी बघू म्हटलं नाही. नुसतं नाव खोडलं.

म्हणजे तिथे मी नसेन. दुसरं कोणी असेल, बरं असेल किंवा नसेल. तुझा पेपर तुलाच तपासावा लागेल. पुस्तकं मी माझ्या बाजूला खाटेखाली ठेवली आहेत, पडद्याखालून हात घातलास तर पोचतील. मी जागी असले तरी झोपल्यासारखी पडून राहीन.

हे पत्र तुझ्या बुटात ठेवते. हातात दिलं तर घेणार नाहीस, आणि गॅरेजात अनवाणी येऊ देत नाहीत.

तुझी,
ताई